सोमवारचा अर्क

ही गोष्ट एकोणीसशे अडुसष्ट सालची. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि माझी नजर अशी होती की सुईत दोरा ओवून घ्यायला शेजारच्या बायका मला हाक मारायच्या. त्या नजरेच्या जोरावरच मला नोकरी लागली.

इस्पितळाच्या मागच्या अंगाला एक बैठी इमारत होती. अर्ध्या भागात धुलाईखाना आणि उरलेल्या अर्ध्यात आमची प्रयोगशाळा. दोन खोल्या, एक उबेचं कपाट, एक थंड कपाट आणि खिडकीखाली चिनी मातीचं पांढरंशुभ्र बेसिन. पलीकडे सतत चादरी उकळत असायच्या, त्यामुळे आमची एक भिंत बारा महिने गरम. थंडीत आम्ही आळीपाळीने तिला पाठ लावून उभे राहायचो.

काम करणारे आम्ही तिघंच. प्रमुख डॉक्टरबाई. पन्नाशीच्या, उंच, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि बोलणं मोजकं. दुसरे काका, निवृत्तीला आलेले. प्रत्येक वस्तू चिमट्याने उचलायची त्यांना इतकी सवय की डब्यातलं उकडलेलं अंडंसुद्धा ते चिमट्याने खात. सगळं इस्पितळ त्यांना चिमटाकाका म्हणायचं आणि त्यांची काही हरकत नव्हती. तिसरी मी, चार महिन्यांच्या तात्पुरत्या बोलीवर. मुदत संपली की समिती बसणार, डॉक्टरबाई माझ्याबद्दल अहवाल देणार आणि मग मी एकतर कायम नाहीतर घरी.

मला तिथे राहायचं होतं. घरी माझी थोरली बहीण होती, ताई. नवरा गेलेला, पदरात लहान मुलगी, आणि ती स्वेटरच्या कारखान्यात पहाटेच्या पाळीला जायची. मला नोकरी हवी होती हे खरंच. पण नोकरी दुसरीकडेही मिळाली असती. तिथे जे बघायला मिळत होतं ते दुसरीकडे मिळालं नसतं.

काय बघायला मिळत होतं ते सांगते. काचेच्या चपट्या बशीत, तळाला, जिवंत पेशींचा एकच एक थर वाढवायचा. सायीसारखा, पण इतका पातळ की दिसतही नाही. त्यावर विषाणू सोडायचा. आमचा विषाणू ओठांवर पुळ्या आणणारा, थंडीत बऱ्याच जणांना त्रास देतो तो. त्यावर खळीसारखा थर ओतून बशी उबेत ठेवायची. चौथ्या दिवशी जांभळा रंग टाकला की सगळी बशी जांभळी होते, आणि जिथे विषाणूने पेशी खाल्ल्या तिथे टाचणीच्या डोक्याएवढं पांढरं भोक दिसतं. एक भोक म्हणजे सुरुवातीला तिथे पडलेला एक विषाणू. जो कुणालाच दिसत नाही, तो मी बोटाने मोजत होते. पहिल्या दिवशी मी ऐंशी भोकं मोजली आणि घरी जाताना माझी बस चुकली.

डॉक्टरबाईंचा प्रश्न साधा होता. त्या म्हणायच्या, "झाडाला पळता येत नाही. किडा आला, बुरशी आली, रोग आला, तरी ते जागच्या जागी उभं. मग ते लढतं कशानं? सालीत, बीत, पानात काहीतरी साठवत असणार. आणि तेच आपण रोज खातो किंवा टाकून देतो. त्यातलं काही या विषाणूला आवरतं का, एवढंच बघायचं."

म्हणून आम्ही स्वयंपाकघरातल्या वस्तू तपासत होतो. कांद्याची वरची साल, लसूण, चहा, द्राक्षाचं साल, अक्रोडाची टरफलं, संत्र्याची साल, सफरचंदाची साल. माल पुरवायचे इस्पितळाचे आचारी. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. रुग्णांसाठी सफरचंदं शिजवायची असत, त्यांची साल ते बादलीत बाजूला काढून ठेवत.

"घ्या, तुमचं जेवण," बादली पुढे करत ते म्हणायचे. "रुग्ण गर खातात, डॉक्टर साली खातात."

पद्धत अशी. अर्क मी करायचा. साल किसायची, पाण्यात दोन तास भिजवायची, मग जंतू अडवणाऱ्या बारीक गाळणीतून गाळून गडद तपकिरी काचेच्या बाटलीत भरायची. बाटल्या डॉक्टरबाईंकडे द्यायच्या. त्या वरची नावाची चिठ्ठी काढून नुसते आकडे लावत. मग चिमटाकाका त्या आकड्यांवरून बशीत विषाणूबरोबर अर्काचे थेंब टाकत, त्यांना कुठल्या आकड्यात काय आहे ते ठाऊक नसे. आणि चौथ्या दिवशी मी भोकं मोजत असे, मलाही ठाऊक नसे. डॉक्टरबाई म्हणत, "माणसाला जे हवं असतं ते त्याला दिसतं. म्हणून डोळ्यांना काही कळूच द्यायचं नाही."

तपासणी सोमवारी सकाळी आठला. अर्क त्याच सकाळी केलेला, ताजा हवा, असा नियम. आता हिशेब करा. किसणं, भिजवणं, गाळणं मिळून तीन तास. म्हणजे मी पाचला हजर. आणि आमच्या भागातून पहिली बस सहा वीसला.

पहिल्याच आठवड्यात हे डॉक्टरबाईंना सांगायला हवं होतं. नवी नोकरी, तात्पुरती, तोंड उघडायची हिंमत नव्हती. मी शुक्रवारी संध्याकाळीच अर्क करून ठेवले. थंड कपाटात ठेवावे तर चिमटाकाका शनिवारी त्यातली बाटली न् बाटली चिमट्याने उचलून बघत. म्हणून मी त्या गरम भिंतीला लागून असलेल्या कपाटात, अॅप्रनच्या मागे, तोंडाला कापूस लावून ठेवल्या. सोमवारी हळूच काढल्या आणि वहीत लिहिलं, 'ताजा'. मनाची समजूत घातली की गाळलेलं आहे, नासणार नाही. फार तर थोडा कस कमी होईल.

पाच सोमवार झाले. बिनअर्काच्या बशीत ऐंशीच्या आसपास भोकं, बहुतेक अर्कांच्या बशीत साठ-सत्तर. एका आकड्याच्या बशीत मात्र सहा. पुढच्या सोमवारी चार. मग नऊ. नुसता अर्क टाकून, विषाणू न टाकता ठेवलेल्या पेशी छान जगत होत्या, म्हणजे अर्क पेशींना मारत नव्हता. डॉक्टरबाईंनी यादी उघडली. सफरचंदाची साल.

त्या दिवशी त्यांनी स्वतः चहा केला, त्यावरून काय ते समजा. दुसऱ्या शहरातल्या एका प्रयोगशाळेला त्यांनी कृती लिहून पाठवली, तुम्हीही करून बघा म्हणून. आणि खात्रीसाठी आमच्याकडे गुरुवारी दुपारीही तीच तपासणी सुरू केली. दुपारी म्हणजे माझी सोय होती. सकाळी निवांत येऊन अर्क करायचा, खरोखरचा ताजा.

गुरुवारच्या बशीत चौऱ्याहत्तर भोकं.

पुढच्या गुरुवारी अठ्ठ्याहत्तर. मधल्या सोमवारी पाच. बाकीच्या अर्कांत सोमवार-गुरुवार फारसा फरक नाही, फक्त सफरचंदात. त्यातच त्या दुसऱ्या प्रयोगशाळेचं पत्र आलं. डॉक्टरबाईंनी ते उभ्यानेच वाचून दाखवलं. "आपल्या कृतीबरहुकूम ताजा अर्क केला. तीनदा केला. काहीही परिणाम नाही. आपली मोजणी पुन्हा तपासावी अशी विनंती."

"मोजणी," चिमटाकाका माझ्याकडे बघून म्हणाले. "काय मोजणीबाई, सोमवारी डोळे मिटून मोजता की काय?"

"काका, तुम्ही सोमवारी थेंब टाकता की नुसता चिमटा दाखवता?"

"मला वाटतं सोमवारी विषाणूलाच कामाचा कंटाळा येत असेल," काका म्हणाले. "मलाही येतो."

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी फळ्यावर दोन रकाने काढले, सोमवार आणि गुरुवार, आणि काय-काय वेगळं असू शकतं ते लिहायला लावलं. पाणी. पेशींचं वय. बशा कुणी धुतल्या. खोलीतली उष्णता. मामांनी साल कुठल्या सफरचंदांची दिली. मग त्या माझ्याकडे वळल्या.

"अर्क करताना सोमवारी तू काही वेगळं करतेस?"

"नाही बाई," मी म्हटलं.

हे माझं सगळ्यात मोठं खोटं, कारण ते तोंडाने बोलले. वहीत लिहिताना हात जरा सैल असतो. पण तेव्हा मला असंही वाटत होतं की माझ्या चुकीचा याच्याशी संबंध नाही. शिळं ते कमजोर, हे मी लहानपणापासून स्वयंपाकघरात शिकले होते. सोमवारचा शिळा अर्क काम करतो आणि ताजा करत नाही, म्हणजे बिघाड गुरुवारी आहे, असं मी धरून चालले. आणि अर्क शिळा हे सांगितलं असतं तर माझा अहवाल तिथेच संपला असता.

सहा आठवडे आम्ही पाणी बदललं, पेशी बदलल्या, काचेची भांडी बदलली. काकांनी डाव्या हाताने थेंब टाकून पाहिले. मामांनी एकाच पेटीतली सफरचंदं दोन्ही दिवशी दिली. सोमवार सोमवारसारखा, गुरुवार गुरुवारसारखा. डॉक्टरबाई दुपारचा डबा न उघडता परत नेऊ लागल्या. घरी ताईच्या ओठावर दर थंडीसारखी पुळी आली होती. ती म्हणाली, "तीन महिने तुमच्या बशा बऱ्या होतायत. माझा ओठ कधी व्हायचा?"

आणि एका शुक्रवारी दुपारी मी बाटल्या धुवायला घेतल्या. सोमवारच्या आणि गुरुवारच्या, दोन्ही दिवसांच्या तशाच राहिल्या होत्या. तपकिरी काचेतून आतलं काही दिसत नाही. चहा, अक्रोड, कांदा, सगळ्यांचेच अर्क तांबूस, त्यामुळे थेंब टाकणाऱ्या काकांनाही कधी काही वेगळं वाटायचं कारण नव्हतं. मी गुरुवारची सफरचंदाची बाटली पांढऱ्या बेसिनमध्ये उलटी केली. फिक्या गवताच्या रंगाचं पाणी. मग सोमवारची. ते कडक चहासारखं तपकिरी होतं.

मी नळ बंद केला. बेसिनच्या त्या पांढऱ्या उतारावर दोन ओघळ शेजारी शेजारी सुकत होते. सफरचंद कापून ठेवलं की काळं पडतं, हे पोरालाही माहीत असतं. ताईची मुलगी तसली फोड ताटात बाजूला सारायची. मीही तेच केलं होतं, मनात. काळं पडलं म्हणजे वाया गेलं. पण जर काळं पडल्यावरच त्यात ते येत असेल तर? ताज्या सालीत नाहीच, हवा आणि ऊब लागून तयार होत असेल तर?

दोन दिवस मला दुसरं काही सुचेना. पुढच्या आठवड्यात मी लपून चार जास्तीच्या बशा लावल्या. दोनांत ताजा अर्क, दोनांत काळा. चौथ्या दिवशी मोजल्या. काळ्याच्या बशीत आठ भोकं दिसली. मग दिव्याखाली धरल्यावर अकरा. मग पुन्हा आठ. एक अर्धवट भोक होतं, ते मी आधी धरलं नाही, मग धरलं, मग सोडून दिलं. ताज्याच्या बशीत तसलंच अर्धवट भोक मी लगेच धरलं होतं.

मला समजलं की मी मोजत नाहीये, मी मागतेय. कुठल्या बशीत काय आहे हे मला ठाऊक होतं. माझ्या ज्या डोळ्यांवर सगळी प्रयोगशाळा चालत होती, त्यांच्यावर माझाच विश्वास उरला नाही. खरं काय ते कळायचं तर आकडे दुसऱ्या कुणीतरी लावायला हवे होते, आणि ते लावायला सांगायचं तर का ते सांगावं लागणार होतं. समितीला तीन आठवडे उरले होते. गप्प राहिले असते तर कायम झाले असते, आणि ते तपकिरी पाणी काय होतं ते जन्मभर कळलं नसतं.

लोक म्हणतात मी प्रामाणिक होते. तसं काही नव्हतं. मला राहवलं नाही, इतकंच.

सकाळी डॉक्टरबाई लिहीत बसल्या होत्या. काका ट्रेमध्ये चिमटे मांडत होते.

"बाई, सोमवारचा अर्क ताजा नसतो."

त्यांनी लेखणी खाली ठेवली. "कधीचा असतो?"

"शुक्रवार संध्याकाळचा."

"थंड कपाटात?"

"नाही. अॅप्रनच्या मागे. त्या गरम भिंतीपाशी."

"किती आठवडे?"

"पहिल्यापासून. चौदा."

काकांच्या हातातला चिमटा ट्रेवर वाजला. मी जमिनीकडे बघत होते. मग डॉक्टरबाईंनी विचारलं, "रंग पाहिलास?"

"हो. कडक चहासारखा."

त्या उठल्या, खिडकीपाशी गेल्या, परत आल्या. "मला रागवायचं आहे तुझ्यावर," त्या म्हणाल्या. "फार रागवायचं आहे. सहा आठवडे मी पाणी बदलत बसले होते. पण ते मागाहून. काका, मामांकडून सालीची बादली आणा."

पाच बाटल्या केल्या. ताजा अर्क, एक दिवसाचा, दोन दिवसांचा, तीन दिवसांचा, आणि पाचवी डॉक्टरबाईंच्या डोक्यातली. तीही तीन दिवसांचीच, पण गळ्यापर्यंत काठोकाठ भरून, बूच लावून मेणाने बंद केलेली, हवा न लागू देता. आकडे काकांनी लावले आणि यादी घडी करून खिशात ठेवली. थेंब डॉक्टरबाईंनी टाकले. चौथ्या दिवशी आधी मी मोजलं, मग त्यांनी वेगळं मोजलं, दोघींनी आपापले कागद पालथे ठेवले. काकांनी यादी काढली आणि इतक्या सावकाश उघडली की डॉक्टरबाई म्हणाल्या, "चिमटा आणून देऊ का?"

ताजा, एकोणऐंशी. एक दिवसाचा, एकसष्ट. दोन दिवसांचा, तीस. तीन दिवसांचा, सात. आणि मेणाने बंद केलेला, सत्तर. त्यांच्या कागदावरचे आकडेही एखाद-दुसऱ्या भोकाच्या फरकाने तेच.

"हवा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हवा लागते. सालीत जे आहे ते नव्हे, त्याचं जे होतं ते." आणि मग, चष्मा काढून, "चौदा आठवडे तू खोटं लिहिलंस म्हणून हे कळलं. हे मी कुठे लिहू?"

मामांना बातमी लागली तेव्हा ते काही गुपित असल्यासारखं हळू आवाजात विचारायला आले, "मग मी आता रुग्णांना काळी सफरचंदं देऊ का?"

"नका देऊ," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"बरं झालं. तशीच परत येतात, आणि शिव्या मला."

बाई नको म्हणाल्या, कारण त्या दोन आठवड्यांत आम्ही तेच तपासलं होतं. विषाणू आणि काळा अर्क आधी एकत्र केले तर विषाणू अडतो. पण विषाणू तासभर आधी पेशीत शिरला असेल तर नंतर कितीही अर्क ओता, भोकं ऐंशीच्या ऐंशी. आणि बशीत थोडं रक्तातलं पाणी मिसळलं तर अर्क त्यालाच चिकटून बसतो, विषाणूकडे ढुंकून बघत नाही. डॉक्टरबाईंनी ताईसाठी म्हणून मला नीट समजावलं, "हा दारावर अडवणारा आहे. आत शिरलेल्याला काही करत नाही. आणि पोटातून रक्तात आणि रक्तातून ओठापर्यंत पोचेपर्यंत याचं काय होईल ते आपल्याला माहीत नाही. बशी म्हणजे माणूस नव्हे. तिला सांग, डॉक्टरांचं मलम लाव."

ताई म्हणाली, "एवढं कळायला चार महिने लागले?"

समितीच्या आदल्या दिवशी डॉक्टरबाईंनी मला वही आणि लाल लेखणी दिली. चौदा आठवड्यांतला प्रत्येक 'ताजा' मी एका रेघेने खोडला, बाजूला 'तीन दिवसांचा' लिहिलं, तारीख घातली आणि सही केली. खोडलेला शब्द वाचता आला पाहिजे, असं त्यांनी बजावलं. मग आपला अहवाल मला वाचायला दिला. त्यात दोनच वाक्यं महत्त्वाची होती. 'हिने वहीत खोट्या नोंदी केल्या. नंतर ते आपणहून सांगितलं, आणि त्यामुळे आमचा प्रश्न सुटला.'

"पहिलं वाक्य गाळलं तर..." मी अर्धवट म्हटलं.

"तर तुझ्यात आणि माझ्यात फरक काय राहिला?"

समितीने मला कायम केलं नाही. प्रयोगशाळेतून काढून पलीकडे काचसामान धुण्याच्या खोलीत टाकलं. घरी जाऊन मी ताईच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. ती माझ्या केसांतून हात फिरवत म्हणाली, "चल, निदान धुवायचं तरी तुला येतं." दोन वर्षं मी बाटल्या धुतल्या. मात्र आठवड्यातून एकदा डॉक्टरबाई निरोप पाठवायच्या की मोजायला ये. माझ्याइतकी नजर त्यांना दुसऱ्या कुणात सापडली नाही. तिसऱ्या वर्षी जागा निघाली तेव्हा त्यांनी पुन्हा माझं नाव दिलं, त्याच दोन वाक्यांसकट, आणि खाली एक तिसरं जोडून. ते त्यांनी मला दाखवलं नाही. मला जागा मिळाली.

चिमटाकाका त्याच वर्षी निवृत्त झाले. निरोपाला आम्ही त्यांना नवा चिमटा दिला. ते गावाबाहेर मुलाकडे राहायला गेले आणि सात वर्षांनी वारले. मामांचे गुडघे गेले, ते बसून भाजी निवडायचे. त्यांच्या जागी आलेल्या आचाऱ्याने सालींची बादली द्यायला साफ नकार दिला. ताईने कारखाना सोडून घरीच विणकाम सुरू केलं. ओठावरची पुळी तिला दर थंडीत यायचीच, शेवटपर्यंत. तिची मुलगी दंतवैद्य झाली, आता तिलाही नातवंडं आहेत.

डॉक्टरबाईंनी सफरचंदाच्या सालीवरचं ते काम छापलं. 'अर्क तीन दिवस उबेत राहिल्याचं आधी लक्षात आलं नव्हतं' असं त्यात सरळ लिहिलं, आणि त्या दुसऱ्या प्रयोगशाळेने काळा अर्क करून पाहिला, त्यांचीही भोकं कमी झाली. औषध त्यातून निघालं नाही. पुढे आम्ही शंभरावर साली, पानं, बिया पाहिल्या. बशीत पुष्कळ जिंकल्या. बशीबाहेर एकही टिकली नाही, निदान आमच्या हयातीत. निवृत्तीनंतरही डॉक्टरबाई मला पत्र पाठवायच्या, आणि पत्रात बहुधा प्रश्नच असायचा. शेवटच्या पत्रात विचारलं होतं की नाशपातीची साल काळी पडायला वेळ जास्त का लागतो. मी उत्तर लिहायला घेतलं तोवर त्या गेल्याची तार आली.

मी तिथे एकतीस वर्षं होते. आता एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, दुसऱ्याचं ऑपरेशन गेल्या वर्षी झालं. नाशपातीची साल मी खिडकीत ठेवून पाहिली आहे, उघडी आणि झाकलेली, दोन्ही तऱ्हांनी. मला अजून नीटसं कळलेलं नाही.